नदी नसलेले शहर

पुण्याला मुठा आहे, नाशिकला गोदावरी आहे. बंगळुरात ‘गावची नदी कोणती?’ असे विचारा, लोक एकमेकांकडे बघतात. मी राहतो त्या जे. पी. नगरातही नदी नाही. आहेत ती सारक्की आणि पुट्टेनहळ्ळीची तळी. या शहराचा इतिहास मला त्या तळ्यांपासूनच सांगावासा वाटतो.

बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर, पठाराच्या कण्यावर वसले आहे. पश्चिम उताराचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला मिळते. पूर्वेकडचे दक्षिण पिनाकिनीला जाते. म्हणजे पाणी इथून निघून जाते, बाहेरून येत नाही. पडेल तो पाऊस अडवणे एवढाच मार्ग. म्हणून १५३७ मध्ये किल्ला आणि पेठ उभारणाऱ्या केंपेगौडांनी तळीही बांधली. वरचे तळे भरले की पाणी खालच्या तळ्यात, अशी साखळी इथे वाढत गेली.

१६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वरच्या देवळाला एक गाव इनाम दिले, त्याचा शिलालेख आहे. दान मराठा राजाचे, लेख कन्नड! १६८७ मध्ये मुघल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि लवकरच ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांकडे गेले. मराठ्यांचा अंमल जेमतेम पन्नास वर्षांचा.

राज्ये बदलली तरी शहर तळ्यांवरच जगत राहिले. पुढे नळ आले आणि तळी ही मोकळी जागा वाटू लागली. धर्मांबुधी तळ्यावर आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, संपंगी तळ्यावर कंठीरवा स्टेडियम. १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळजवळ ५०० मीटर वर चढवून आणले जाते.

२०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या. जमिनीचा उतार मात्र केंपेगौडांच्या वेळचाच आहे. सारक्कीच्या काठची अतिक्रमणे २०१५ मध्ये हटवली गेली. पुट्टेनहळ्ळीचे तळे आसपासच्या रहिवाशांनी पुन्हा जिवंत केले. तुमच्या गावातही एखादे बुजलेले तळे असेल. पहिल्या पावसात कुठल्या गल्लीत पाणी तुंबते ते बघा, जागा सापडेल.