तळटीप : स्पायरोगायराची जात

* लेखकाने येथे या तंतुमय हिरव्या शेवाळाला नुसते ‘स्पायरोगायरा’ म्हणून जातीचे नाव टाळले, हे योग्यच केले. पेशीतला फिरकीदार हिरवा पट्टा दिसला की प्रजाती कळते. जातीसाठी मात्र तंतूची रुंदी, पट्ट्यांची संख्या, आडभिंत सपाट की दुमडीची, एवढ्यावर भागत नाही. प्रजननाच्या वेळी दोन तंतूंमध्ये नळी जुळते, एका पेशीतला जीवरस दुसरीत उतरतो आणि जाड कवचाचा युग्मबीजाणू तयार होतो. त्या पक्व बीजाणूचा आकार, रंग आणि मधल्या कवचावरची नक्षी पाहावीच लागते. पक्व बीजाणूच नसेल तर मो. सिं. रंधावांचा या शेवाळाच्या कुळावरचा ‘झिग्नेमेसी’ (१९५९) हा ग्रंथ समोर असूनही निर्णय होत नाही. म्हणून नमुने घेताना हिरव्यागार झुबक्यांइतकीच पिवळट पडू लागलेली, बीजाणू मिळण्याची शक्यता असलेली गुंतवळही आवर्जून उचलावी.