तळटीप : ‘सेक्शन ८’चे व्हाउचर

७. सेक्शन ८ : अमेरिकेत अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना खासगी घराच्या भाड्यासाठी मिळणारे सरकारी साहाय्य. १९३७च्या गृहनिर्माण कायद्याच्या आठव्या कलमात १९७४ साली झालेल्या दुरुस्तीत त्याचा उगम आहे. पैसा केंद्र सरकारचा. अर्ज मात्र स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणाकडे करायचा. भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के रक्कम भरतो. उरलेले भाडे ठरावीक मर्यादेपर्यंत प्राधिकरण थेट घरमालकाला देते. परंतु पात्र ठरलेल्या प्रत्येकाला व्हाउचर मिळतेच असे नाही. निधी अपुरा असल्याने प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे लांबते, अनेक ठिकाणी ती नव्या अर्जांसाठी बंद असते आणि उघडली की पुष्कळदा सोडत काढली जाते. व्हाउचर हाती आल्यावर घर शोधण्यासाठी किमान ६० दिवस मिळतात. तेवढ्यात राजी होणारा मालक गाठावा लागतो, आणि घरही तपासणीत उतरावे लागते. प्राधिकरणाच्या पत्राला वेळेत उत्तर न गेल्यास अर्जदाराचे नाव यादीतून कमी होऊ शकते. सतत घर बदलावे लागणाऱ्या गरिबांना हाच नियम सर्वांत जाचक ठरतो. या प्रकरणातील आई प्रत्येक स्थलांतरानंतर आधी नवा पत्ता कळवायला धावते, ते याच कारणाने. – संपा.