वॉर्साचं नवं जुनं शहर

वॉर्साच्या जुन्या शहरातला बाजारचौक सतराव्या शतकातला दिसतो. प्रत्यक्षात तो बांधून पुन्हा खुला झाला जुलै १९५३मध्ये. माझ्या आजीहूनही तो लहान. एकटाच आलो होतो, पहिला दिवस होता. निवांत भिंती न्याहाळत फिरलो.

१९४४चा उठाव ६३ दिवसांनी मोडल्यावर नाझींनी उरलेलं शहर जाळत, सुरुंग लावत पाडलं. ते पुन्हा उभारताना कामी आली अठराव्या शतकात बेलोत्तोनं काढलेली शहराची चित्रं आणि पॉलिटेक्निकच्या वास्तुतज्ज्ञांनी जपलेले जुन्या घरांचे नकाशे. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात. १९८० साली युनेस्कोनं हे नवं जुनं शहर जागतिक वारशात घेतलं.

पण बॅकअपमधून काय परत आणायचं, हे कुणीतरी ठरवतं. दुपारी मी चालत मुरानुव भागात गेलो. युद्धापूर्वी इथे ज्यूंची दाट वस्ती होती. १९४३च्या घेटोतल्या उठावानंतर ती जमीनदोस्त केली गेली. ती पूर्वीसारखी बांधली नाही. राडारोड्याच्या ढिगांवरच नवी वसाहत उभी राहिली, म्हणून काही इमारतींपर्यंत आजही पायऱ्या चढून जावं लागतं.

आपली गल्ली परत मागायला तिथली माणसंच फारशी उरली नव्हती.