दख्खनची जिराईत शेती आणि ज्वारीचा प्रश्न

सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत पसरलेला सोलापूर, नगर व विजापूर हा मुलूख अवर्षणप्रवण म्हणून फार पूर्वीपासून ओळखला जातो. येथे वर्षाकाठी पडणारा पाऊस साधारणतः ५०० ते ७०० मिलिमीटर एवढाच असून तोही अनियमित असतो. अशा प्रदेशातील अन्नाचा प्रश्न कसा सुटावा, याचा विचार गेली शंभर वर्षे चालू आहे. त्या विचाराचा इतिहास वस्तुतः ज्वारी या एकाच पिकाभोवती फिरतो.

रब्बी ज्वारी परतीच्या पावसावर पेरली जाते आणि काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. तिच्या दाण्यांवर माणसे जगतात, तर कडब्यावर गुरे. ज्वारीत लायसीन या अमिनो आम्लाची जी उणीव असते ती तूर, हरभरा यांसारख्या डाळींनी भरून निघते. म्हणून भाकरी आणि डाळ यांचा मेळ आहारदृष्ट्याही योग्य ठरतो. सुगीचे धान्य पेवात साठवून एका वर्षाची तूट दुसऱ्या वर्षाने भरून काढण्याची प्रथाही येथे रूढ होती. तथापि ही व्यवस्था अभेद्य नव्हती. १८७६-७८ च्या दुष्काळात ती पुरती कोलमडली. त्यानंतरच्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये असे दाखवून दिले की, दुष्काळात धान्याच्या टंचाईइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, रोजगाराची टंचाई माणसांना ग्रासते.

या निष्कर्षाला गावपातळीवरील पुरावा पुढे मिळाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान व ना. वि. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी करून १९२१ मध्ये ती प्रसिद्ध केली. बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्या गरजा भागविण्यास अपुरे पडते, असे तीत आढळून आले. कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापूर येथे त्यास व्यापक रूप आले. जातेगावची पाहणी करणारे कानिटकरच या संशोधनाचे एक प्रमुख प्रवर्तक होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या प्रयत्नांतून ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ निष्पन्न झाली. समपातळी बांध घालणे, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट करणे, शेणखत घालणे, बियाणे कमी वापरून ओळींत अंतर ठेवणे आणि वारंवार कोळपणी करून ओल राखणे, ही तिची अंगे होत. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीस शासकीय बळ दिले. परंतु उत्पन्नात होणारी वाढ माफक, म्हणजे साधारण १५ ते २० टक्क्यांच्या घरात राहिली. मूळचेच उत्पन्न तुटपुंजे असलेल्या शेतकऱ्यास एवढ्या लाभासाठी श्रम व पैसा घालणे परवडेना. शिवाय खोल काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नसल्याने बांधालगत ते तुंबे आणि बांध फुटत. जमिनीचा प्रकार न पाहता एकच उपाय सर्वत्र लागू केल्याचा हा परिणाम होय.

बियाण्याच्या बाबतीतही हाच धडा मिळतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेले ‘एम ३५-१’ हे वाण पुढे कित्येक दशके टिकून राहिले. कारण त्याची भाकरी चांगली होई व कडबाही भरपूर मिळे. उलटपक्षी १९६४ मध्ये आलेल्या ‘सीएसएच-१’ या संकरित वाणाने खरिपात उत्पन्न पुष्कळ वाढविले. पण पिकाच्या पक्वतेच्या वेळी पाऊस आल्यास दाणा बुरशीने काळा पडे आणि भावात मार खाई.

१९७२-७३ च्या दुष्काळाने या साऱ्या प्रयत्नांची कसोटी पाहिली. परदेशातून आलेली लाल मिलो लोकांनी नाइलाजाने खाल्ली. लक्षावधी लोक पाझर तलाव, नालाबंडिंग व रस्त्यांच्या कामांवर राबले. यातूनच रोजगाराच्या हमीचे तत्त्व दृढ झाले व त्यास महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याने वैधानिक रूप दिले. १८८० च्या आयोगाचा निष्कर्ष येथे नागरिकाच्या हक्कात परिणत झाला, असे म्हणता येईल.

तथापि प्रश्नाचे एक अंग उपेक्षितच राहिले. शिधावाटपात मुख्यतः गहू व तांदूळ मिळू लागल्याने ज्वारीची बाजू लंगडी पडली आणि तिचे क्षेत्र घटत गेले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्यांचा समावेश झाला, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले. परंतु नुसत्या गौरवाने पीक टिकत नाही. जमिनीतील ओल, शेतकऱ्यास पटणारे वाण, मजुरीची शाश्वती आणि धान्यास मिळणारा भाव या चार गोष्टींचा विचार आजवर बहुधा वेगवेगळा झाला. त्यांतील एकीची जरी उपेक्षा झाली तरी उरलेल्या तिन्ही लुळ्या पडतात, हाच या शतकभराच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.