निकाल वहीतला आणि निकाल मनातला

खेळाचा निकाल दोन ठिकाणी लिहिला जातो. एक पंचांच्या वहीत आणि दुसरा पाहणाऱ्यांच्या मनात. पुष्कळदा हे दोन्ही निकाल जुळतात, आणि मग तो सामना चार दिवसांत विसरला जातो. ते जुळले नाहीत, तर वहीची पाने पिवळी पडली तरी लोकांच्या तोंडचा वाद ताजाच राहतो, आणि आजोबांकडून नातवाकडे जमीनजुमल्याबरोबर तोही वारसाहक्काने येतो. असल्या वादांचा कसला इतिहास, असे कोणी विचारील. परंतु न्याय कशाला म्हणावे याविषयी सामान्य माणसाच्या मनात काय असते, हे कोर्टाच्या दप्तरात फारसे सापडत नाही. खेळाच्या मैदानावर ते उघडपणे बोलले जाते. म्हणून हा विषय आज आपणांपुढे मांडतो आहे.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांना तो परका नाही. सोनगावला कऱ्हा नीरेला मिळते आणि नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. या नद्यांच्या काठी गावची जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, हलगीचा ठेका चढत जातो आणि दिवस मावळता मावळता शेवटची मानाची कुस्ती लागते. महाराष्ट्र केसरीची पहिली लढत 1961 साली औरंगाबादेस झाली आणि दिनकर दह्यारी यांनी तो मान मिळविला. हीच स्पर्धा 2005 साली इंदापुरात आणि 2006 साली बारामतीत भरली. इंदापुरात सईद चाऊस आणि बारामतीत अमोल बुचडे हे विजयी झाले. तेव्हा कुस्तीचा निकाल म्हणजे काय, हे या भागातल्या माणसाला नव्याने सांगावयास नको.

मातीतल्या निकाली कुस्तीचा एक मोठा गुण असा की तिचा निकाल दिसतो. पाठीला माती लागली की पहिलवान चीत झाला. हौदाच्या कडेला मांडी घालून बसलेल्या म्हाताऱ्यालाही ते कळते आणि झाडावर चढून बसलेल्या पोरालाही कळते. पंचाने हात वर करण्यापूर्वीच फेटे उडालेले असतात. कुस्ती बरोबरीत सोडवली, तरी तीही सर्वांच्या डोळ्यांदेखत. पंचाचे काम तेथे लोकांनी पाहिलेल्या गोष्टीवर शिक्का मारण्याइतकेच उरते.

गादीवरच्या कुस्तीचे तसे नाही. तेथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले की दोन गुण, रिंगणाबाहेर ढकलले की एक, मोठी फेक केली की चार, असा हिशोब चालतो. दोन्ही खांदे क्षणभर गादीला टेकवून धरले की तेथेच लढत संपते. हा क्षण किती, आणि खांदा टेकला की बोटभर वर राहिला, हे जवळ वाकलेल्या पंचालाच काय ते दिसावयाचे. दहा हजार माणसांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, अशी ही व्यवस्था आहे. जगाबरोबर खेळावयाचे तर ती पत्करणे भाग होते, आणि तिच्यामुळे आपल्या मल्लांना जगाची दारेही उघडली. परंतु तिच्यात निकाल दिसेनासा झाला, हेही तितकेच खरे.

या नव्या व्यवस्थेची किंमत आपल्याकडे सर्वांत आधी ज्यांनी मोजली, त्यांत कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव होत. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली आणि ते हरले. लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून देणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. कांस्यपदक मिळाले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. पण महाराष्ट्राच्या आठवणीत त्या पदकाबरोबर एक रुखरुखही राहिली. नियम होता, परंतु तो मागणारे तोंड नव्हते, अशी ती रुखरुख आहे.

आता जगाकडे वळू. 23 जुलै 1966 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा विश्वचषक फुटबॉलचा उपान्त्यपूर्व सामना झाला. पंच होते पश्चिम जर्मनीचे रुडोल्फ क्राइटलाइन. पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अँटोनिओ रॅटीन याला मैदानाबाहेर जाण्यास फर्मावले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते आणि रॅटीनला जर्मन येत नव्हते. आपण कर्णधार आहोत, आपल्याला दुभाषी द्या, असे तो दंडावरची पट्टी दाखवून सांगत राहिला. कित्येक मिनिटे खेळ थांबला. अखेर तो बाहेर पडला, आणि राणीसाठी अंथरलेल्या तांबड्या गालिच्यावर जाऊन बसला. उरलेल्या दहा जणांनी बराच वेळ किल्ला लढविला, पण अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला जेफ हर्स्टने गोल केला आणि इंग्लंड 1-0 ने जिंकले.

या एकाच दुपारच्या दोन आठवणी झाल्या. इंग्रजांच्या आठवणीत तो आडदांड खेळाला आवर घालणारा सामना आहे. अर्जेंटिनात त्याला शतकातली चोरी म्हणतात. दोन्हीकडचे लोक प्रामाणिक आहेत. ज्याने जे पाहिले त्याचा त्याने अर्थ लावला, कारण पंचाने कशासाठी काढले हे कोणालाच समजले नव्हते. इतकेच काय, इंग्लंडच्या चार्लटन बंधूंनाही त्या सामन्यात ताकीद मिळाल्याची खबर वर्तमानपत्रातून लागली, असे सांगतात. पंचप्रमुख केन ॲस्टन यांच्या मनाला हा घोळ लागून राहिला. मोटारीतून जाताना चौकातले पिवळे आणि तांबडे दिवे पाहून त्यांना कल्पना सुचली, आणि 1970 च्या मेक्सिकोतील विश्वचषकापासून पिवळे व लाल कार्ड आले. ज्या कार्डाला आज आपण शिक्षेचे चिन्ह समजतो, त्याचा जन्म निकाल सर्वांना दिसावा या गरजेतून झाला आहे. भाषा कोणतीही असो, सर्वांत मागच्या बाकावरच्या माणसालाही तो रंग कळतो.

कार्ड दिसले म्हणजे सारे निभावले, असेही मात्र नाही. 16 ऑगस्ट 1980 रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. उत्तरार्धात ईस्ट बंगालचा दिलीप पालित आणि मोहन बागानचा बिदेश बोस यांच्यात धसमुसळेपणा झाला आणि पंच सुधीन चॅटर्जी यांनी दोघांनाही बाहेर काढले. शिक्षा समान होती. परंतु दोन्ही पक्षांचे प्रेक्षक एकाच सज्जात मिसळून बसले होते. मैदानावरचे भांडण तेथे चढले, दगडविटा आल्या, पळापळ झाली आणि चेंगराचेंगरीत 16 माणसे मेली. सकाळी घरून सामना पाहावयास निघालेली ही माणसे होती.

यानंतर कलकत्त्याने जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. आधी कोणी पाय घातला, हा वाद तेथेही वर्षानुवर्षे चालला असेल. पण 16 ऑगस्ट हा दिवस तेथे फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला आणि त्या दिवशी रक्तदान होऊ लागले. आठवण दोन पक्षांची होती, ती त्या 16 जणांची झाली. लोकांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी रुतून बसते असे नाही; तिला वळण देता येते, याचा हा पुरावा होय.

आपल्याकडे असा प्रसंग 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या वेळी आला. पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे याला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. त्यातून हमरीतुमरी झाली, आणि पूर्वी महाराष्ट्र केसरी ठरलेल्या या मल्लाने पंचाला लाथ मारली. त्याच रात्री अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड गुणांवरून वाद घालून, काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. मोहोळ विजयी ठरला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

पंचावर हात अथवा पाय उचलणे याला समर्थन असू शकत नाही. पंचाला मार बसू लागला तर उद्या कोणी शहाणा माणूस शिट्टी हाती घेणार नाही. मल्लाच्या उमेदीची वर्षे मोजकी असतात, त्यांतली तीन जाणे ही शिक्षा लहान नव्हे, हेही आपण जाणतो. तरीही त्या रात्रीपासून पारावर आणि चहाच्या टपरीवर जी चर्चा झाली, तिच्यात लाथेपेक्षा खांद्याचीच चर्चा जास्त होती. खांदा टेकला की नाही? लोकांना निकाल दिसला नव्हता, आणि न दिसलेल्या निकालाची जागा ज्याच्या त्याच्या तर्काने भरून काढली.

या तीन-चार प्रसंगांतून मला जे दिसते ते साधे आहे. पंच चुकणार, कारण तो माणूस आहे. पण निर्णय कशासाठी दिला हे ध्वनिक्षेपकावरून तेव्हाच सांगता येते. जेथे चित्रफीत असेल तेथे ती सर्वांना दाखविता येते. मल्लाच्या वतीने दाद मागणारा एक जाणता माणूस कडेला बसविता येतो, आणि त्याचे ऐकून घेण्याची जागाही ठरविता येते. हेलसिंकीत तो माणूस नव्हता. वेम्बलीत दुभाषी नव्हता. यातले बरेचसे काम गावच्या जत्रेतली कमिटीही करू शकते, त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. निदान पंच दोन्ही तालमींबाहेरचा असावा आणि त्याचे नाव कुस्ती लागण्यापूर्वी पुकारले जावे, एवढे तर खासच.

एक गोष्ट मात्र कमिटीला करता येणार नाही, ती प्रेक्षकांनीच करावयाची आहे. रेवड्यांवर कुस्ती खेळणारे पोर हरल्यावर पहिल्यांदा पंचाकडे पाहत नाही, ते आपल्या माणसांकडे पाहते. आपली माणसे पंचाला शिव्या देत असतील तर ते पोर त्या दिवशी तेच शिकते. ती माणसे त्याच्या पाठीवरची माती झटकून त्याला पुढल्या जत्रेची तयारी करावयास सांगत असतील, तर तेही ते शिकते.