पंचाचे मानधन आणि विल्सनसाहेबाचा कर

मंडळी, 'मानधन' हा आपल्या भाषेतला मोठा गोड शब्द. शाळेत असताना मी खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून जायचो, तेव्हा पाकिटावर हाच शब्द असे. पण सरकारला त्यातले 'धन' तेवढे दिसते, आणि त्याला कारण आहे इतिहासाचे.

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले, खर्च मात्र मागे राहिला. तिजोरी सावरायला जेम्स विल्सन हिंदुस्थानात आला. मूळचा हा टोप्यांचा कारखानदार, 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाचा संस्थापक. १८६० साली त्याने प्राप्तिकर आणला. वर्षाला २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर २ टक्के, त्यापुढे ४ टक्के. त्याच ऑगस्टमध्ये तो कलकत्त्यात वारला. १८६५ मध्ये कर उठला, पण पुन्हा पुन्हा येत राहिला.

१८८६ च्या कायद्याने उत्पन्नाचे चार कप्पे केले: पगार-पेन्शन, कंपन्यांचा नफा, रोख्यांचे व्याज आणि चौथा 'इतर'. कुठेच न बसणारे इथे बसते! १९२२ आणि १९६१ च्या कायद्यांतही हा कप्पा टिकला.

पंचांचे नाव मात्र उशिरा आले. ऑगस्ट २००८ च्या अधिसूचनेने खेळाडू, पंच, प्रशिक्षक, समालोचक यांचे काम १९६१ च्या कायद्यातील कलम १९४-जे साठी 'व्यवसाय' ठरवले. म्हणजे ठरावीक रकमेपुढे आयोजकाने १० टक्के कापून पैसे द्यायचे. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये झाली.

इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. ही मर्यादा कर कापण्याची. उत्पन्न दाखवण्याची नव्हे. पाकीट रोख मिळाले, काही कापले नाही, तरी ते उत्पन्नच. नेहमी पंचगिरी करणाऱ्याने ते व्यवसायात दाखवावे, क्वचित करणाऱ्याने 'इतर' मध्ये. त्या कामासाठीच झालेला प्रवासखर्च वजा मागता येतो, पावत्या मात्र जपाव्यात.

आमचा भाचा रविवारी क्रिकेटचे सामने करतो. त्याने विचारले, "मामा, एवढ्याशा पैशाचं कोण बघतंय?" मी म्हटले, "अरे, चेंडू बॅटीला हलकेच लागला, कुणालाच ऐकू आला नाही, तुला आला. मग बोट वर करतोस की नाही?" तो हसला आणि वही काढून तारखा लिहू लागला.

तुमच्याकडे कुणी पंच असेल तर त्यालाही हे वाचायला द्या. असो.