लाकडी स्टुडिओ कॅमेऱ्याचं वय कसं ओळखायचं? नंदुरबारच्या माळ्यावरचा एक कॅमेरा

फोनने काढलेल्या फोटोचं वय शोधायला दोन सेकंद लागतात. फोटो उघडा, डिटेल्सवर टॅप करा. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल सगळं समोर. लाकडी कॅमेऱ्यात असली सोय नाही. मग त्याचं वय कसं काढायचं?

मागच्या दिवाळीत नंदुरबारच्या आमच्या जुन्या घराचा माळा साफ करताना आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, फोटो स्टुडिओचा कॅमेरा सापडला. माझ्या चुलतभावाने लगेच त्याचे फोटो काढून विक्रीच्या ॲपवर टाकले, वर लिहिलं ‘ब्रिटिश कॅमेरा, १८९०’. १८९० कुठून आणलं, असं विचारलं तर म्हणे, “अरे, दिसतोच तेवढा जुना!” दोन दिवसांत परदेशातून एकाने चौकशीही केली. बाबांचं म्हणणं वेगळंच. भिंतीवर आबांच्या थोरल्या भावाचा फोटो आहे, तो बेचाळीस साली, शिरीषकुमार शहीद झाले त्या ९ सप्टेंबरच्या आधी, याच कॅमेऱ्याने काढलेला आहे, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे विकायचा नाही.

दोघांचीही तारीख बरोबर आहे का, हे मी तपासायला घेतलं. यात कायद्याचाही मुद्दा आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ‘१८९०’ लिहून परदेशी गिऱ्हाइकाला विकायला निघालेला भाऊ स्वतःच्याच जाहिरातीत अडकत होता.

आधी लेन्स बघा

पहिली गोष्ट लक्षात ठेवा: अशा कॅमेऱ्याला एक वय नसतं. बॉडी एकाची, लेन्स दुसऱ्याची, होल्डर तिसऱ्याच सालचे. आपण सॉफ्टवेअरमध्ये जुनी लायब्ररी नव्या ॲपमध्ये वापरतो ना, तसंच. लायब्ररी जुनी म्हणून ॲप जुनं होत नाही. सगळ्यात नवा मूळ भाग ज्या काळातला, त्याच्या आधी हा कॅमेरा या रूपात असूच शकत नाही.

लेन्सवर बहुतेक वेळा काहीतरी कोरलेलं असतं. आमच्या लेन्सवर ‘कार्ल झाइस जेना, टेसार’ असं नाव, २१ सेंटीमीटर फोकल लेंग्थ आणि १३ लाखांच्या घरातला नंबर. टेसार ही रचनाच १९०२ ची, त्यामुळे १८९० तिथेच बाद! झाइसचे सीरियल नंबर आणि साल यांचे तक्ते उपलब्ध आहेत. त्यांनुसार हा नंबर १९३० च्या आसपासचा. काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहिलं तर ते पांढरंच दिसलं, निळसर-जांभळं नाही. म्हणजे काचेवर कोटिंग नाही. कोटिंग सर्रास आलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, त्यामुळे हेही जुळलं.

तुमच्याकडे दुसरी लेन्स असेल तर या खुणा बघा. लेन्सच्या नळीला वरून खाच असेल आणि तिच्यात भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या घालायच्या असतील, तर ती वॉटरहाउस पद्धत, १८५८ नंतरची. ॲपर्चरचे आकडे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असे दुप्पट होत जात असतील तर ती १८८१ मध्ये ब्रिटनमध्ये आलेली ‘यू.एस.’ पद्धत असण्याची शक्यता मोठी. इथे गंमत आहे: तिच्यातला ४ म्हणजे आजचा एफ/८, ८ म्हणजे एफ/११, आणि १६ मात्र दोन्हीकडे १६ च. शटरवर १/२५, १/५०, १/१०० असे वेग असतील तर ते जुन्या मालिकेतले. १/३०, १/६०, १/१२५ ही नंतरची मालिका. ‘मेड इन जर्मनी’ लिहिलेलं असेल तर साधारण १८८७ नंतरचं समजा, कारण ब्रिटनने त्या साली परदेशी मालावर देशाचं नाव घालण्याचा कायदा केला होता.

मग बॉडी, आणि तिच्यात अडकलेले कागद

बॉडी साफ करताना घाई करू नका. मऊ ब्रशने धूळ, मग किंचित ओलसर कापड, शेवटी थोडं मेण. सँडपेपर अजिबात नको, आणि पितळ घासून चकचकीत करायचा मोहही टाळा. जुना रंग, वॉर्निश आणि डाग हाच तर पुरावा असतो, तो तुम्ही पुसून टाकता.

समोरच्या फळीवरचा काळा थर निघाला तशी छोटी पट्टी दिसली: वागीश्वरी, अलेप्पी. मी तर उडालोच! विलायती नाहीच, केरळचा. अलेप्पीत, म्हणजे आजच्या आलप्पुळात, के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात सागवान आणि पितळ वापरून हे कॅमेरे बनवायला सुरुवात केली. घर वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांचं. कॅमेऱ्याचा भाता दुरुस्त करता करता ते अख्ख्या कॅमेऱ्यापर्यंत पोचले. पुढे देशभरातल्या स्टुडिओंमध्ये वागीश्वरी दिसायचा. लेन्स मात्र बहुतेक वेळा बाहेरून आणून बसवलेली. म्हणजे आमच्याकडे १९३० ची जर्मन लेन्स आणि तिच्याहून दहा-पंधरा वर्षांनी तरुण मल्याळी बॉडी.

मग हा नंदुरबारात आला कधी? प्लेट होल्डरच्या पेटीच्या तळाशी एक पावती चिकटलेली होती. तारखेचा कोपरा कसरीने नेमका खाल्लेला. पण ‘भाता दुरुस्ती’ वाचता आलं, रक्कम रुपये-आण्यांत होती आणि पत्त्यात ‘जि. प. खानदेश’. आता जोडा: दशमान नाणी आली एप्रिल १९५७ ला. पश्चिम खानदेश हा जिल्हा १९०६ चा, महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास त्याचं नाव धुळे झालं, आणि नंदुरबार वेगळा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. सवयीने लोक जुनी नावं पुढेही लिहितात, म्हणून वर्ष-दोन वर्षं सैल धरा. तरी १९४० च्या दशकाचा उत्तरार्ध ते १९५७-५८ हा पट्टा पक्का वाटतो. पावती हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याची होती. भाता तो भाताच.

भिंतीवरचा फोटो

बाबांना सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. म्हणून आधी मोजपट्टी घेतली. आमचा कॅमेरा हाफ प्लेट, म्हणजे ४¾ × ६½ इंच. त्या काळी बरेचदा निगेटिव्ह कागदावर थेट ठेवूनच प्रिंट काढत, त्यामुळे प्रिंटचा आकार तोच निगेटिव्हचा. फ्रेम उघडली. फोटो ६½ × ८½ इंच, म्हणजे फुल प्लेट, आणि कडेला होल्डरच्या कडीची सावलीही होती. एन्लार्ज केलेला नाही. म्हणजे तो वेगळ्या, मोठ्या कॅमेऱ्यानेच काढलेला.

बाबा बराच वेळ फोटोच बघत राहिले. मग म्हणाले, “मग तो कॅमेरा कुठंय?” माळ्यावर तरी नाही.

चालू कसा केला

भात्याची तपासणी सोपी आहे. रात्री खोलीत अंधार करा, फोनचा टॉर्च लावून आत ठेवा आणि बाहेरून प्रत्येक घडी बघा. आमच्या भात्यात अकरा ठिकाणी तारे चमकले. बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यांवर. आतून पातळ काळं कापड, कापडाच्या गोंदाने. जाड ठिगळ लावलं तर भाता मिटत नाही, हे मला दुसऱ्या ठिगळाला कळलं. दुधी काच फुटलेली होती. साधी काच घेऊन तिच्यावर बारीक कार्बोरंडम पावडर आणि पाणी टाकून दुसऱ्या काचेने गोल गोल घासली, तासाभरात झाली. खरबरीत बाजू लेन्सकडे ठेवायची, आणि ती बाजू होल्डरमधल्या प्लेटच्या बरोबर जागेवर यायला हवी. एक मिलिमीटर चुकलं तर काचेवर डोळे शार्प आणि फोटोत कान शार्प.

फिल्म शोधत बसू नका. होल्डरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट फोटो पेपर घाला, तो लाल दिव्यात हाताळता येतो. लाइट मीटर ॲपमध्ये आयएसओ ६ ठेवा. सावलीत एफ/२२ ला मला साधारण दोन सेकंद मिळाले, त्यामुळे शटर नसलं तरी चालतं: टोपी काढा, मोजा, लावा. पेपर निगेटिव्ह निघतो; फोनने त्याचा फोटो घेऊन रंग उलटे करा, झालं. हाफ प्लेटचं क्षेत्रफळ चांगल्या फोनच्या मुख्य सेन्सरच्या दोनशे पटींहून जास्त भरतं, म्हणून मागचं जे धूसर दिसतं ते खरं असतं, पोर्ट्रेट मोडचा हिशोब नसतो.

भावाने जाहिरात बदलली: ‘वागीश्वरी, अलेप्पी, अंदाजे १९४५–५७, झाइस लेन्स १९३० च्या सुमाराची’. परदेशी गिऱ्हाईक गप्प झालं. दोन आठवड्यांनी जाहिरातही त्यानेच काढून टाकली. पहिला फोटो बाबांचा काढला, अंगणात, खुर्चीवर. दोन सेकंदांत ते एकदा हललेच, त्यामुळे मिशा दोन दिसतात.